मागच्या डाव्या दाराची सवारी

१

इंजिन बाहेर निघालं त्या दिवशी काचीगुड्याच्या त्या गल्लीत जिलेबी वाटली गेली. आता इंजिन काढलं म्हणून कुणी जिलेबी वाटतं का? पण दीपमाला वाघमारेला कोण विचारणार! चौतीस वर्षं लालागुड्याच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये काढून बाई मार्चमध्ये रिटायर झाली होती. आता ती घरात बसून पापड लाटेल अशी ज्यांची समजूत होती, त्यांची तोंडं तिनं जूनपर्यंत बंद केली होती. घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या बाबांची जुनी मॉरिस मायनर धूळ खात उभी होती. तिचं पेट्रोलचं इंजिन काढायचं, मोटर आणि बॅटरी बसवायची आणि डिसेंबरात मुलाच्या लग्नाला बाबांना त्याच गाडीतून न्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. आणि दीपमालानं ठरवलं की विषय संपला.

"आपा, इंजिन निकाल को मिठाई खिलारे आप," लेथवाले जब्बारभाई जिलेबी तोंडात कोंबत म्हणाले, "मय्यत में बिर्याणी खिलाए सरीखा लगरा मेरेकू."

"खाओ ना चुपचाप," दीपमाला म्हणाली.

हसण्यावारी नेलं तरी गोष्ट साधी नव्हती. तिचे बाबा, किशनराव, शहाऐंशी वर्षांचे. छातीचा दमा. पेट्रोलच्या धुराचा नुसता वास आला तरी धाप लागायची, म्हणून गाडी विजेवर करण्याचा हा सगळा खटाटोप. पण खरं दुखणं दम्याचं नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको, मनकर्णामाय, गेली, आणि त्या दिवसापासून किशनरावांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. दाढी करायला न्हावी घरी यायचा. डॉक्टर घरी यायचे. दिवसभर वरच्या मजल्यावर, शेडकडं उघडणाऱ्या खिडकीत बसून म्हातारा गाडीकडं बघायचा, पण खाली या म्हटलं की मान फिरवायचा.

"प्रबुद्धच्या लग्नाला तरी याल ना?" ती विचारायची.

"फोटो दाव मंग मला."

नातवाचं लग्न, आणि आजोबा म्हणतात फोटो दाखव! मायला तर ती वाचवू शकली नव्हती. निदान बाबांना या खोलीतून बाहेर काढायचंच, एवढं एकच तिनं मनात धरलं होतं.

२

ही गाडी आधी दिगंबरराव वकिलांची. किशनराव परभणीकडून हैदराबादेत आले ते वकीलसाहेबांचे ड्रायव्हर म्हणून, आणि एकतीस वर्षं त्यांनी ती चालवली. वकीलसाहेब मागं डाव्या बाजूला बसायचे. बसून कागद नीट केले की छडीच्या मुठीनं दाराच्या काचेवर दोनदा टकटक करायचे. म्हणजे निघा. ती टकटक झाल्याशिवाय किशनरावांनी कधी गियर टाकला नाही. म्हातारपणी वकीलसाहेबांनी गाडी किशनरावांनाच देऊन टाकली.

गाडी घरी आली त्या दिवशी मनकर्णामाय नवं लुगडं नेसून पुढचं दार उघडायला गेली, तर किशनरावांनी तिला अडवलं. मागचं डावं दार उघडलं, कमरेत वाकले, हात छातीशी नेला आणि म्हणाले, "तशरीफ रखिए, मेमसाब."

सगळी गल्ली हसली. माय लाजून लाल झाली, पण बसली! आणि बसल्यावर तिनं काय करावं? हातातल्या चांदीच्या पाटलीनं काचेवर दोनदा, टक टक.

मग काय, तो रिवाजच झाला. बाजाराला जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, किशनराव आधी दार उघडणार, "तशरीफ रखिए" म्हणणार, दार लावून पुढं येऊन बसणार आणि मागून टकटक होईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोरं मागून कलकलाट करायची, "बाबा, चला ना!" पण बाबा ढिम्म. मायला हे कळायचं आणि ती मुद्दाम उशीर लावायची. प्रबुद्ध लहानपणी तिच्याच शेजारी बसायचा, आणि ती चढायला लागली की न सांगता उजवीकडं सरकायचा. पाटली घासून घासून त्या काचेवर डाव्या कोपऱ्यात पांढरट ठिपका पडला होता. काच तडकलेली निघाली म्हणून दीपमालानं ती बदलली, तेव्हा ठिपका गेला याचं तिला वाईट वाटलं. पण तडकलेली काच ठेवून कसं चालेल?

३

ऑक्टोबरच्या एका दुपारी वायरिंग संपलं. बॅटरी डिकीत होती, तिच्या जाड नारिंगी तारा मागच्या सीटखालून आणि डाव्या दाराच्या उंबऱ्याखालून पुढं नेलेल्या. त्यामुळं ते मागचं डावं दार महिनाभर उघडंच असायचं. शेवटचा बोल्ट आवळून दीपमालानं ते लावलं, पुढं जाऊन बसली आणि किल्ली फिरवली.

टक टक.

आणि समोरच्या छोट्या पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"माशाल्ला!" जब्बारभाईंनी टाळ्या पिटल्या. दीपमाला तर नाचायचीच बाकी राहिली. इंजिन नाही, धूर नाही, घरघर नाही, आणि गाडी जिवंत! तेवढ्यात वरून आवाज आला.

"दीपा! मागं कोण बसलंय?"

खिडकीत किशनराव उभे होते. बसलेले नव्हते, उभे होते.

"कोणी नाही, बाबा! आतल्या स्विचचा आवाज आहे. बॅटरी जोडताना आधी एक छोटा स्विच लागतो, मग मोठा. काँटॅक्टर म्हणतात त्याला. म्हणून दोनदा वाजतं. आमच्या लोकोत पण असंच असतंय."

खिडकी रिकामी झाली. दोन-तीन मिनिटांनी जिन्यावर काठी वाजली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा किशनराव उंबरा ओलांडून अंगणात आले. पायात चप्पल नव्हती. ते थेट गाडीपाशी आले, बॉनेटवर हात ठेवला आणि मागच्या खिडकीत वाकून पाहत राहिले.

"आता येतो की मी बी लग्नाला," ते म्हणाले.

दीपमालानं तिथंच तेलकट हातांनी तोंड झाकून रडून घेतलं. जब्बारभाई उगाच पाना पुसत बसले. संध्याकाळी परत जिलेबी आली, आणि या वेळी किशनरावांनी दोन खाल्ल्या.

४

त्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. म्हातारा सकाळी आंघोळ करून खाली यायचा, खुर्ची टाकून बसायचा आणि हुकूम सोडायचा. "क्रोमला राखुंडी नको लावू." "हॉर्न पहिल्यासारखा वाजायलाय का बघ." ट्रंकेतून त्यांनी ड्रायव्हरकीचा पांढरा कोट काढला आणि इस्त्रीला पाठवला. माधापूरहून ऑफिस सुटल्यावर प्रबुद्ध यायचा, तो तर बघतच राहिला. "मम्मी, नाना खाली कसे आले? जादू केलीस का काय?"

"काँटॅक्टर," दीपमाला ऐटीत म्हणाली.

आणि तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण चौतीस वर्षांची सवय सुटते होय? नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंगाचं काम चालू असताना तिच्या लक्षात आलं की टकटक मागून येते. काँटॅक्टरचा डबा तर पुढं, बॉनेटखाली होता.

पत्र्यातून आवाज फिरतो, ती स्वतःशी म्हणाली. लोकोतही फिरतो. तरी तिनं एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक डब्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मशीनच्या पोटातलं ऐकायची ही जुनी रीत तिला पहिल्या वर्षीच शिकवली होती. "जब्बारभाई, चाबी घुमाओ."

पेचकसातून आवाज आला तो असा: ठप. बस्स. जड, दबका, एकच.

आणि दुसऱ्या, मोकळ्या कानात, मागून: टक टक.

तिनं डबा उघडला. आत एकच काँटॅक्टर होता. दुसरा छोटा स्विच नव्हताच. या नव्या किटमध्ये ते काम एक चिप करते, तिला आवाज नसतो. लोकोत दोन असतात म्हणून इथंही दोन असणार, असं बाईनं धरून चाललं होतं. चौतीस वर्षांचा अनुभव असा अंगाशी येतो. तिनं डब्यात बोट घालून परत एकदा चाचपलं.

"क्या हुआ आपा?"

"कुछ नै."

दुसऱ्या दिवशी दुपारी जब्बारभाई जेवायला गेल्यावर तिनं शेडचं दार लोटलं आणि मोजायला बसली. दहा वेळा किल्ली फिरवली. मधेमधे काम होतंच. सीट बसव, तारेची क्लिप लाव, परत किल्ली फिरव. पाटीवर खडूनं लिहिलं: ठप, दहा वेळा. टकटक, सात वेळा. तीन वेळा का नाही, याचा काही मेळ लागेना. सैल पत्रा म्हणावा तर दहाही वेळा वाजायला हवा. गरम होऊन पत्रा ताणतो म्हणावं तर ती सावलीतली दुपार. तिनं मागचं दार उघडून आत हात घातला, सीट दाबली, काच हलवली. सगळं घट्ट. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप नव्या काचेवर पडली होती, आणि त्या उजेडात तिला दिसलं.

डाव्या कोपऱ्यात एक पांढरट ठिपका होता. मोहरीएवढा. काच बसवून महिना झाला होता.

तिनं बोट फिरवलं. ठिपका आतल्या बाजूनं होता, आणि पुसला जात नव्हता.

५

आता दीपमालाच्या घरात अंगारे-धुपारे कधी आले नाहीत. बावीस प्रतिज्ञा पाठ असणारं घर ते. देव नाही, भूत नाही, जे आहे त्याला कारण आहे, असं मायनंच तिला शिकवलं होतं. कारण सापडत नसेल तर मीटर बदलून बघायचं. पण त्या रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. तिला भीती वाटली ती आवाजाची नव्हे. टकटकीचा अर्थ तिला ठाऊक होता, त्याची वाटली. टकटक म्हणजे चला. माय बसून तयार आहे, आणि ती बाबांना म्हणते आहे, चला.

कुठं?

तिच्या मनात आलं, गाडीची मागची बाजू सगळी खोलावी, काच काढावी, आवाज बंद करून टाकावा. आणि समोर बघितलं तर किशनराव भाकरीचा तिसरा चतकोर मोडत होते आणि प्रबुद्धला सांगत होते, वकीलसाहेबांना कोठीच्या बाजारात ते कसे रिव्हर्समध्ये घेऊन गेले. दोन वर्षांत त्यांना असं हसताना कुणी बघितलं नव्हतं. आवाज बंद केला आणि म्हातारा परत वर जाऊन बसला तर? त्या खोलीत त्यांचं काय होणार हे तिला पक्कं माहीत होतं. गाडीत काय होणार हे माहीत नव्हतं. तिनं जे माहीत नव्हतं ते पत्करलं.

पाटी तिनं ओल्या फडक्यानं पुसून टाकली. आरटीओचा शिक्का झाला, रंग सुकला, गाडी मलईच्या रंगाची झाली आणि डिसेंबर उजाडला.

६

लग्न सिकंदराबादच्या हॉलमध्ये, सकाळी साडेअकराला. नऊ वाजता सगळी गल्ली अंगणात. फुलवाल्यानं शेवंतीच्या माळांनी गाडी अशी मढवली होती की बघत राहावं. बॉनेटवर माळा, छतावर माळा, डाव्या बाजूला तर मागच्या दारावरून आडवी एक जाड माळ ओढून हँडलाला आणि मागच्या बंपरला घट्ट बांधलेली. प्रबुद्ध पांढऱ्या शेरवानीत उजव्या दारानं आत शिरला आणि मागच्या सीटवर मधोमध ऐसपैस बसला. दीपमाला चालवायला. तिच्या शेजारी, पांढरा कोट, पॉलिशचे बूट, किशनराव. बाकीचं वऱ्हाड मागं मोटारीत आणि रिक्षांत. ढोल वाजत होता, सुशीलाबाई शेजारीण अक्षरशः नाचत होती.

"निघू का बाबा?"

"थांब," किशनराव म्हणाले. "होऊ दे."

दीपमालाचा हात किल्लीवरच थांबला. तिला वाटलं होतं, किल्ली फिरवली की वाजेल. तिनं फिरवली. ठप, असं बॉनेटखालून आलं. हिरवा दिवा लागला. मागून काहीच नाही.

तिनं किल्ली बंद केली, परत फिरवली. ठप. ढोलवाला थांबला. लोक खिडकीतून वाकून बघायला लागले.

"गाडी खराब झाली काय?" कुणी तरी म्हणालं.

"नाही हो, चालू आहे!" ती ओरडली. "बाबा, चालू आहे गाडी. बघा दिवा. जाऊ या ना."

किशनरावांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरत चालला होता, आणि त्यांचा हात दाराकडं गेला. ते उतरणार, जिना चढणार, खिडकीत बसणार. तिला हे सगळं स्वच्छ दिसलं. जो आवाज बंद करावा म्हणून ती रात्र रात्र तळमळली होती, तो व्हावा म्हणून आता तिनं डोळे मिटले. माय, वाजव ना गं. एकदा वाजव.

काही नाही.

किशनराव उतरले. पण जिन्याकडं गेले नाहीत. गाडीच्या डाव्या अंगाला उभं राहून त्यांनी त्या शेवंतीच्या माळेकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आरे बापा, दारच बांधून टाकलंय की! ती बसंल कशी?"

दीपमालानं मनात मोजलं. पाटीवरचे ते सात आणि तीन. सात वेळा तिनं मधे मागचं दार उघडून लावलं होतं. तीन वेळा उघडलंच नव्हतं. तिनं किल्ली बंद केली, काढली आणि मुठीत घट्ट धरली.

म्हाताऱ्यानं गाठ सोडली. माळ खाली पडली. मागचं डावं दार त्यांनी पुरतं उघडलं, एक पाऊल मागं सरकले, काठी बगलेत धरून कमरेत वाकले आणि हात छातीशी नेला. भर गर्दीत, खणखणीत आवाजात.

"तशरीफ रखिए, मेमसाब."

कुणी हसलं, कुणी टाळी वाजवली. बाहेरच्यांना ती म्हाताऱ्याची गंमतच वाटली. पण दीपमाला गाडीच्या आत होती, आणि तिला मागच्या डाव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याची कुरकुर ऐकू आली. बोटभर खाली बसली ती बाजू. तिनं स्वतःच्या हातानं त्या पाट्यांना ग्रीस लावलं होतं. भार आल्याशिवाय ते कुरकुरत नाहीत.

किशनरावांनी दार हळूच लावलं, पुढं आले, बसले आणि समोर बघू लागले.

टक टक.

किल्ली तिच्या मुठीत होती. तळहातात रुतली होती.

"मम्मी," मागून प्रबुद्धचा आवाज आला. तो हसत होता, पण आवाज बारीक झाला होता. "मम्मी, मी सरकलो कामून गं?"

तिनं आरशात बघितलं. मुलगा मधोमध बसला होता तो आता उजव्या दाराला चिकटून बसला होता, शेरवानीचा घेर मांडीखाली ओढून घेतलेला. डाव्या बाजूच्या नव्या रेक्झिनवर एक उथळ खळगा होता. त्या खळग्याच्या कडेवर, उन्हाच्या पट्ट्यात, काही तरी पांढरं-पांढरं चमकलं आणि मागं घेतलं गेलं. चांदीसारखं. दीपमालानं हात लांब करून आरसा वर, छताकडं वळवून टाकला.

किशनराव डोळे पुसत होते आणि हसत होते. इतके हसत होते की त्यांना धाप लागेल असं वाटलं, पण लागली नाही. ढोल परत सुरू झाला. सुशीलाबाईनं बॉनेटवर फुलं उधळली. दीपमालानं किल्ली लावली, फिरवली, ठप असा तिचा स्वतःचा, ओळखीचा आवाज ऐकला आणि पाय अलगद दाबला. गाडी आवाज न करता फाटकातून बाहेर निघाली. दोन वर्षांनी बाबा गल्लीच्या बाहेर आले होते. तिला रडू येत होतं, भीती वाटत होती आणि आनंदानं छाती फुटेल असंही होत होतं, तिन्ही एकदम.

वळणावर, जिथं रस्ता खणून ठेवलाय, तिथं किशनरावांनी समोरून नजर न काढता तिच्या हातावर हात ठेवला.

"हळू घे, दीपा. खड्ड्यात तिची कंबर दुखतीय."

दीपमालानं हळू घेतली.